आमचा विनंती थांबा

ज्यांच्याकडे स्वतःची गाडी असते त्यांच्याकडे सांगण्यासारखं फक्त ॲव्हरेज असतं. लिटरला किती देते, एवढाच काय तो त्यांचा किस्सा! खरे किस्से जमतात थांब्यावर. कारण किस्सा साठायला वेळ लागतो, आणि वेळ आमच्याकडे मुबलक होता. सिटी बस तो आम्हाला रोज सकाळी फुकट द्यायची.

आमचा थांबा नाशिकच्या पुणे रोडवर, उपनगरच्या पुढे, द्वारकेच्या चौकाअलीकडे. तिथून आम्ही अंबडच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत कामाला जायचो. मी डिस्पॅचला. देवरे क्वालिटीत. ते मूळचे सटाण्याकडचे, एरवी शुद्ध बोलायचे, पण राग आला की थेट अहिराणीत शिरायचे. आणि तिसरा पगार. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, पण आमच्या जिल्ह्यात हे सरळसाधं आडनाव आहे. पगार लेथवर होता आणि टेंपररी होता. म्हणजे कंपनी त्याला काही महिने कामावर ठेवायची, मग 'ब्रेक' देऊन घरी बसवायची आणि पुन्हा नव्याने घ्यायची. टेंपररी माणसाला कायमचं टेंपररी ठेवण्याची ही शास्त्रोक्त पद्धत!

ब्रेक मिळाला की पगार घरी सांगायचा नाही. रोजच्यासारखा डबा घेऊन निघायचा, नाशिकरोड स्टेशनच्या बाकावर बसून तो डबा खायचा आणि संध्याकाळी वेळेवर घरी जायचा. हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या वर्षी मॅनेजर साहेबांनी पगारला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "दिवाळीच्या आत पर्मनंटची नावं ठरणार आहेत. तुझं काम चांगलंय. फक्त लेट मार्क लागू देऊ नकोस."

आठच्या आत पंचिंग करायचं, बस्स. साहेबांना वाटलं, त्यांनी किती सोपी अट घातली! ते कारने यायचे.

*

आमच्या थांब्यावर पत्र्याची पाटी होती : 'विनंती थांबा'. म्हणजे हात दाखवला तर बस थांबणार. आम्ही रोज हात दाखवायचो. ड्रायव्हरही माणुसकीला जागून हात दाखवायचा, की मागून दुसरी येतेय. आणि मागून जी बस यायची तीही न थांबता पाठमोरी व्हायची.

एकदा देवरेंनी डेपोत जाऊन विचारलं, "बस थांबत का नाही?"

आतला माणूस म्हणाला, "विनंती थांबा आहे ना? मग विनंती नीट करत नसाल!"

देवरे पेटले. "हाऊ काय देव शे का, विनंती कराले?" असं काहीतरी पुटपुटत परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर थांब्यावर झेंडूचा हार आणि नारळ घेऊन उभे! बस दिसली तसा त्यांनी हार दोन्ही हातांत धरून उंच केला. ड्रायव्हरला वाटलं, आज गाडीची पूजा-बिजा आहे. कचकन ब्रेक लागला. थांबली की हो! आम्ही भराभर चढलो. देवरेंनी शांतपणे तो हार ड्रायव्हरच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "ही झाली विनंती. उद्या सत्यनारायण घालू का?"

ड्रायव्हर लाजला. दुसऱ्या दिवशी बस हमखास थांबणार, अशी आमची खात्री होती. थांबली नाही. ड्रायव्हर बदलला होता.

*

आमच्या बसचा कंडक्टर गांगुर्डे. माणूस मनाने चांगला, पण नियमाचा किडा. पिशवी जरा फुगलेली दिसली की लगेज तिकीट फाडायचा. एकदा कोथिंबीर-मेथीची मोठी पाटी घेऊन एक मावशी चढली. ओढा गावाकडची असावी, भाजी स्वतःच्याच मळ्यातली. गांगुर्डेने पाटीचं तिकीट लावलं.

मावशीने मुकाट्याने तिकीट घेतलं, कनवटीला खोचलं आणि पाटी उचलून शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली. स्वतः खिडकीशी बसली.

गांगुर्डे ओरडला, "मावशी, पाटी खाली घ्या! माणसं उभी आहेत!"

"तिचं तिकीट काढलं ना रे भो? मंग बसू दे तिला. ज्याचं नाय काढलं त्याला उभं कर!"

बस हसून हसून लोळली. गांगुर्डेने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, बरंच उलटसुलट केलं आणि परत खिशात ठेवलं. पाटी द्वारकेपर्यंत बसून गेली. पाटीशेजारी कंपनीचे एक सुपरवायझर उभे होते, सबंध रस्ता त्यांच्या शर्टाला मेथी घासत होती.

*

बस चुकली की शेअर रिक्षा. तिला मीटर असायचं, पण ते घड्याळ बंद पडलेल्या घंटाघरासारखं, शोभेला. रिक्षात माणसं बसत नाहीत, 'सीट' बसतात. मागे चार सीट, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक सीट, तरी आमचा नेहमीचा रिक्षावाला सलीमभाई ओरडत असायचा, "एक सीट, एक सीट, द्वारका, शालिमार, एकच सीट!"

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो भाऊ, ही एक सीट बसणार कुठे?"

"ताई, बसणार नाही," सलीमभाई म्हणाला. "मावणार!"

सिंहस्थाच्या दिवसांत तर एक भस्म फासलेले साधुबाबा आमच्या रिक्षात चढले. मागे जागा नव्हती म्हणून पुढे बसले. म्हणजे अर्धे बसले, अर्धे पुणे रोडवर होते. एक पाय आत, एक पाय बाहेर, एका हाताने रॉड धरलेला, दुसऱ्या हातात कमंडलू. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी सलीमभाईला विचारलं, "बेटा, हिमालय में बीस साल तप किया. यह आसन किसी ने नहीं सिखाया. नाम क्या है इसका?"

सलीमभाई म्हणाला, "बाबा, फ्रंट सीट!"

*

आता या फ्रंट सीटची एक रीत होती, ती सांगायला हवी. द्वारकेच्या चौकात ट्रॅफिक पोलीस उभा असायचा. पुढे सीट बसवली तर पावती. म्हणून चौक यायच्या आधी रिक्षावाला फ्रंट सीटना उतरवायचा. त्या चालत चौक ओलांडायच्या, रिक्षा रीतसर तीन-चार माणसांसह पोलिसासमोरून जायची, आणि पलीकडे थांबून आपल्या सीट पुन्हा गोळा करायची. कायदाही राखला, धंदाही राखला. दोन्ही बाजूंनी कुणालाच काही गैर वाटायचं नाही.

एकदा पगार सलीमभाईच्या रिक्षातून असाच उतरून चौक ओलांडत होता. मध्येच चपलेचा अंगठा तुटला म्हणून वाकला. पोलिसाने शिटी मारली. पगारची पाचावर धारण बसली. पोलीस जवळ आला आणि म्हणाला, "अहो, चला की पटपट! तुमची रिक्षा कधीची पुढे थांबलीये, मागे सगळं जाम होतंय!"

पगार धावला. घाईत समोर दिसली त्या रिक्षाच्या पुढच्या सीटवर जाऊन बसला. त्या दिवशी चौकापलीकडे दोन रिक्षा आपापल्या सीटची वाट बघत होत्या. ही दुसरी होती, आणि ती निघाली पंचवटीला. इकडे त्या रिक्षाची खरी सीट, एक कापडवाले शेटजी, सलीमभाईच्या शेजारी येऊन बसले. सलीमभाईने बघितलंही नाही. सीट म्हणजे सीट!

शेटजी शालिमारपर्यंत 'गाडी चुकीची आहे' म्हणून ओरडत राहिले आणि सलीमभाई त्यांना समजावत राहिला, "बसा हो, तुम्ही आत्ताच तर उतरला होतात!" पगार थेट रामकुंडापाशी पोचला. कामावर जायला निघालेला माणूस, घडली तीर्थयात्रा!

कंपनीत पोचला तेव्हा अर्थातच लेट मार्क लागला होता. साहेबांनी कारण विचारलं. पगारने खरं ते सांगितलं. खरं सांगणाऱ्याचं कुणी ऐकतं का? साहेब म्हणाले, "पगार, निदान पटेल असं तरी खोटं बोल. आता आणखी एक लागला ना, तर मी काही करू शकणार नाही."

पगार त्या दिवशी डबा न उघडता घरी गेला. आम्ही त्याची फार थट्टा केली होती, पण नंतर मलाही चुटपुट लागली.

*

आमचे साहेब मुळात मुंबईचे. ट्रॅफिक हा शब्द नाशिककरांनी वापरला की त्यांना हसू यायचं. "नाशिकमध्ये ट्रॅफिक? अरे, ट्रॅफिक बघायचा तर सायनला बघा!" लेट आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सायन दाखवलं होतं.

एके सकाळी लासलगावकडून मुंबईला निघालेला कांद्याचा ट्रक मुंबई नाक्यावर आडवा झाला. सगळ्या रस्त्यावर कांदे. निम्मे लोक ट्रक सरळ करायला धावले, निम्मे पिशव्या घेऊन. साहेब त्यात अडकले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. हॉर्न वाजवला तर एका म्हातारबाबांनी काचेवर टकटक करून सांगितलं, "वाजवू नगा. कांदा हाय तो, उठून बाजूला व्हनार नाय!"

साहेब कंपनीत पोचले तेव्हा आमचं जेवण होऊन गेलं होतं. बुटाला कांद्याची सालं चिकटलेली, शर्ट घामाने ओला. आम्हाला वाटलं, चला, आता साहेबांना कळलं! आता लेट मार्कची अट जरा ढिली होईल.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, "नाशिकच्या ट्रॅफिकचा मी काल स्वतः अनुभव घेतला. परिस्थिती खरोखर गंभीर आहे. तेव्हा उद्यापासून तुम्ही सगळ्यांनी घरून अर्धा तास लवकर निघायचं!"

*

या सगळ्याला कंटाळून मी हप्त्यावर स्कूटी घेतली. नवऱ्याने मैदानावर शिकवली. सरळ जाणं जमलं, वळणं जमलं, थांबणंही साधारण जमलं. पहिल्या दिवशी निघाले आणि द्वारकेच्या सर्कलला आले. आत शिरले ती शिरलेच. बाहेर पडावं म्हटलं की डावीकडून ट्रक. तो गेला की बस. बस गेली की ट्रॅक्टर. शेवटी ठरवलं, रस्ता मोकळा होईपर्यंत गोल फिरत राहावं. फिरत राहिले.

बऱ्याच फेऱ्या झाल्यावर ट्रॅफिक पोलिसाने मला हात करून थांबवलं. टोपी काढून घाम पुसला आणि अगदी कळवळून विचारलं, "बाई, प्रदक्षिणा किती बोललाय?"

संध्याकाळी मी स्कूटी नवऱ्याला देऊन टाकली. त्याचं ऑफिस द्वारकेच्या अलीकडे होतं.

*

तर मग आली ती सात तारीख. हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार होते आणि कुणाला पर्मनंट करायचं ते त्याच दिवशी ठरवणार होते. आमच्या साहेबांनी पगारला बजावलं होतं, "आठला गेटच्या आत. मोठे साहेब वेळेच्या बाबतीत फार कडक आहेत. आज लेट मार्क लागला तर विषय संपला."

आदल्या दिवशी देवरेंनी गांगुर्डेला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पगारचा ब्रेक, स्टेशनचा बाक, डबा, सगळं. नियमाचा किडा गांगुर्डे, त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "उद्या पगार गाडीत चढला की मला फक्त हाक द्या. मग ही गाडी अंबडलाच थांबेल. काय व्हायचं ते होऊ दे!"

सकाळी थांब्यावर तोबा गर्दी होती, कोण आलंय नि कोण नाही ते कळेना, आणि बस आली तीही गच्च भरलेली. पण थांबली! गांगुर्डे दारातूनच 'चढा, चढा' म्हणत होता. मी पुढच्या दाराने, देवरे मागच्या. पगार कुठल्या दाराने चढला ते गर्दीत कुणाला दिसलं नाही. देवरे मागून बोंबलले, "पुढे बघा हो, पगार आला का?"

पुढून कुणीतरी ओरडलं, "आला, आला!"

"नक्की आला ना?"

"आला म्हणजे काय! आला, आला!"

गांगुर्डेने टणटण डबल बेल मारली आणि बस सुटली. काय सुटली म्हणता! पुढचा थांबा गेला, त्याच्या पुढचा गेला. थांब्याथांब्यावर लोक हात करतायत, धावतायत, शिव्या घालतायत, आणि आमची बस चाललीये. बातमी आता सगळ्या गाडीत पसरली होती. "एका गरीब माणसाची नोकरी आहे, थांबू नका!" बायाबापड्या ड्रायव्हरला प्रोत्साहन देत होत्या. ज्यांचे थांबे मागे पडले तेसुद्धा म्हणाले, "राहू द्या, आम्ही येऊ परत चालत." मला तर भरून आलं. सिटी बसमध्ये भरून येण्याची माझी ती पहिलीच वेळ.

द्वारकेच्या अलीकडे रस्त्याला लागून गणपतीचं देऊळ आहे. तिथल्या थांब्यावर एक माणूस पांढरा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून उभा होता. त्याने एक हात केला. मग दोन केले. मग तो उड्याच मारायला लागला. अख्खी बस त्याच्यावर हसली. देवरेंनी खिडकीतून त्याला टाटा केला आणि मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं तालात ओरडली, "पगार आला! पगार आला!"

अंबडला उतरलो तेव्हा आठला चांगला अवकाश होता. इतक्या लवकर गेट आम्ही कधी बघितलंच नव्हतं. गांगुर्डे छाती काढून दारात उभा राहिला, पगारला हात द्यायला. एकेक माणूस उतरला. बस रिकामी झाली. पगार नव्हता.

देवरे पुढून ओरडणाऱ्या त्या गृहस्थांच्या मागे धावले. ते शेजारच्या कंपनीतले होते. "अहो, पगार आला म्हणालात ना?"

"आला की," ते म्हणाले. "या वेळी कालच आला, बँकेत! का, तुमचा नाही झाला अजून?"

देवरे मटकन गेटपाशी बसले. "मरी गऊ!" एवढंच म्हणाले. गांगुर्डे बस घेऊन निघून गेला. आम्ही पंचिंग करून पुन्हा गेटपाशी येऊन उभे राहिलो. आठचा भोंगा झाला. आमचे साहेब हातातल्या घड्याळाकडे बघत गेटवर आले. त्यांनी मान हलवली, आणि ते आता आत वळणार तेवढ्यात एक भाड्याची गाडी समोर येऊन थांबली. मोठे साहेब आदल्या दिवशी रेल्वेने येऊन नाशिकरोडला उतरले होते, तिथून ही गाडी करून निघाले आणि द्वारकेच्या चौकात अडकले होते. मागच्या दाराने ते उतरले. पुढच्या दाराने पांढरा शर्ट घातलेला, गंध लावलेला पगार उतरला.

बायकोने सांगितलं होतं, आज आधी गणपतीच्या पाया पडा, मग जा. म्हणून तो आमच्या थांब्यावर आलाच नव्हता. आणि धावत्या बसमधून, पांढऱ्या शर्टातला तो आम्हाला ओळखूच आला नव्हता.

मोठे साहेब चढ्या आवाजात आमच्या साहेबांना म्हणाले, "हा माणूस भर रस्त्यात दोन्ही हात पसरून माझ्या गाडीसमोर उभा राहिला! कोणाची गाडी आहे, काय आहे, काही माहीत नाही. म्हणाला, चिरडा, नाहीतर अंबडला सोडा. तुमच्या गावात बस थांबत नाही, आणि हा चालती गाडी थांबवतो. असा माणूस तुम्ही टेंपररी ठेवलाय? याला लेट मार्क लावायचा असेल तर आधी मला लावा. आणि ऑर्डर आजच टाइप करा!"

आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले होते.

"पण एक सांगा," मोठे साहेब आमच्या सगळ्यांकडे वळून म्हणाले. "ती बस माझ्या पुढेच होती. हा बिचारा जिवाच्या आकांताने उड्या मारत होता आणि आतले लोक याला हसत होते. एकाने तर टाटा केला! अशी माणसं असतात तरी कोण?"

देवरे बुटाची लेस बांधायला खाली वाकले. त्यांच्या पायात चपला होत्या.

मोठ्या साहेबांनी पगारला विचारलं, "तू बघितलंस ना त्यांना? कोण होते?"

पगारने देवरेंकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. कपाळावरचं गंध बोटाने सारखं केलं आणि म्हणाला, "काय माहीत, साहेब. ओळखीचं कुणी दिसलं नाही."